एजन्सी बदलते, रक्षक तेच राहतात: बोलणी कुणाशी आणि कधी करायची?

प्रश्न: राज्यातल्या एका खासगी विमानतळावर मी सुरक्षा एजन्सीमार्फत काम करतो. आम्ही 180 जण आहोत. ड्यूटी 12 तासांची. वरच्या 4 तासांचे पैसे साध्या दरानं मिळतात आणि स्लिपवर ते 'इतर भत्ता' म्हणून दाखवतात. एजन्सीचं कंत्राट पाच महिन्यांनी संपतंय. आम्हाला युनियन करायची आहे, पण सुपरवायझर म्हणतो की विमानतळावर सुरक्षेच्या लोकांना युनियन करताच येत नाही, सीआयएसएफला आहे का? वर अमेरिकेत विमानतळावरच्या तपासणी कर्मचाऱ्यांच्या युनियनचा करार सरकारनं रद्द केल्याच्या बातम्या दाखवतो. काही जण म्हणतात, सुट्ट्यांच्या हंगामात सगळ्यांनी एकदम सिक मारू, मग येतील वठणीवर. कंपनीला बोलणीला बसवता येईल का? विमानतळाच्या नोकरीत कायम होता येईल का?
– एक सुरक्षा रक्षक

उत्तर: नमस्कार. सुपरवायझरचं म्हणणं आधी निकालात काढू. सीआयएसएफ हे केंद्राचं सशस्त्र दल आहे. अशा दलांतल्या जवानांच्या मूलभूत हक्कांवर बंधनं घालायची मुभा राज्यघटनेच्या अनुच्छेद 33 नं संसदेला दिली आहे, आणि तशी बंधनं घातलेलीही आहेत. तुम्ही त्या दलात नाही. शेजारच्याच पॉइंटवर उभे असलात तरी तुम्ही एका खासगी कंपनीचे कामगार आहात, आणि संघटना करण्याचा अनुच्छेद 19(1)(ग) मधला हक्क तुम्हाला पूर्ण लागू आहे.

अमेरिकेची बातमी खरी आहे, पण ती अर्धीच दाखवली जाते. तिथले तपासणी कर्मचारी थेट सरकारी नोकर आहेत, म्हणजे टीएसए या वाहतूक सुरक्षा खात्याचे, आणि 2001 च्या कायद्यानं त्यांच्या नोकरीच्या अटी ठरवण्याचा अधिकार त्या खात्याच्या प्रमुखाकडे दिला. त्यामुळे 2003 मध्ये एका आदेशानं सामूहिक वाटाघाटींना बंदी आली, 2011 मध्ये दुसऱ्या आदेशानं त्या सुरू झाल्या, मे 2024 मध्ये सात वर्षांचा करार झाला आणि मार्च 2025 मध्ये सरकारनं तो रद्द केल्याचं जाहीर केलं. जूनमध्ये सिएटलच्या संघीय न्यायालयानं त्या रद्दीला तात्पुरती मनाई दिली. तुमचा मामला वेगळ्या कायद्याखाली येतो, तेव्हा ही बातमी दाखवून कुणी घाबरवत असेल तर घाबरू नका.

मात्र एक गोष्ट स्वच्छ समजून घ्या. युनियन करणं हा मूलभूत हक्क आहे, मालकानं तिच्याशी बोलणी करावी हा नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1961 मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यात हे सांगितलं, आणि संघटना स्वातंत्र्य व सामूहिक वाटाघाटी यांवरचे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे 87 आणि 98 क्रमांकाचे करार भारतानं अजून स्वीकारलेले नाहीत. म्हणजे बोलणीला बसवण्याची ताकद मिळते ती साध्या कायद्यातून, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतून. ती ताकद आकड्यांवर चालते, म्हणून तुमच्या 180 जणांचे आकडे मांडू.

नोंदणीच्या अर्जावर किमान 7 जणांच्या सह्या लागतात. शिवाय अर्जाच्या दिवशी एकूण कामगारांच्या 10 टक्के किंवा 100 यांपैकी जो आकडा कमी असेल तितके सभासद हवेत, म्हणजे तुमच्याकडे 18. इतकं तर एका शिफ्टमध्ये जमतं. पण नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. एकाच मालकाकडे दोन-तीन युनियन असतील तर हजेरीपटावरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन वाटाघाटीची एकमेव हक्कदार ठरते. 180 पैकी हा आकडा 92 येतो. कुणाकडेच तितके नसतील तर वाटाघाटी परिषद बनते, आणि तिच्यात जागा मिळवायला किमान 20 टक्के, म्हणजे 36 जण लागतात. सध्या तुमच्याकडे एकही युनियन नाही, म्हणून 18 वर थांबायचा मोह होईल. थांबू नका. तुमचा अर्ज गेला की महिनाभरात 'अधिकाऱ्यांच्या मर्जीतली' दुसरी युनियन उगवू शकते. 92 चा आकडा ओलांडून 110-120 वर जा, कारण बदल्या आणि राजीनाम्यांत दहा-पंधरा जण सहज गळतात. एजन्सी असंही म्हणेल की आमचे राज्यभर कामगार आहेत, त्यांचे 51 टक्के दाखवा. त्यावर या विमानतळाचा हजेरीपट आणि इथल्या कंत्राटाखालची स्वतंत्र पगारपत्रकं पुढे करा.

सभासद फॉर्मवर नाव, कर्मचारी क्रमांक, तारीख आणि सही हवी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा अंगठा पाठिंबा म्हणून कुणी मोजत नाही. वर्गणीची पावती द्या आणि बँक खातं युनियनच्याच नावानं काढा. पुढाऱ्याच्या खात्यावर जमलेल्या वर्गणीनं जितक्या युनियन मोडल्या तितक्या मालकांनीही मोडल्या नसतील. बाहेरचा अनुभवी नेता घेता येतो, पण पदाधिकाऱ्यांपैकी एक तृतीयांश किंवा पाच यांपैकी जे कमी असेल तितकेच बाहेरचे चालतात. नऊ जणांची कमिटी केलीत तर बाहेरचे तीनच.

आता कुठे जायचं ते. इथे हमखास फसगत होते. युनियनची नोंदणी राज्याच्या निबंधकाकडे होते, म्हणजे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात. तंटा मात्र तिथे न्यायचा नाही. हवाई वाहतूक सेवेसाठी 'समुचित सरकार', म्हणजे ज्याच्या यंत्रणेकडे तंटा न्यायचा ते सरकार, केंद्राचं आहे, आणि त्यात त्या आस्थापनेच्या कंत्राटदारांचाही समावेश आहे. त्यामुळे तुमचा दरवाजा म्हणजे सहायक किंवा प्रादेशिक श्रम आयुक्त (केंद्रीय), आणि पुढे केंद्रीय औद्योगिक न्यायाधिकरण. तक्रार केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या समाधान पोर्टलवरही दाखल करता येते. महाराष्ट्राचा 1971 चा युनियन मान्यता व अनुचित प्रथांचा कायदा दाखवून कुणी कामगार न्यायालयात जायला सांगेल. तो कायदा जिथे राज्य सरकार समुचित आहे अशा उद्योगांसाठी. चुकीच्या कोर्टात दोन वर्षं घालवून 'आम्हाला अधिकार नाही' असा निकाल घेऊन परतण्यात काही हशील नाही.

विरुद्ध पक्ष म्हणून कुणाचं नाव लिहायचं? आधी तुमचा मालक कोण ते कागदावर शोधा. शर्टावरचा बिल्ला एका कंपनीचा आणि पीएफ भरणारी दुसरीच, असं पोटकंत्राटात सर्रास होतं. पीएफच्या यूएएन क्रमांकाचं पासबुक उघडा. वर्गणी ज्या आस्थापनेच्या नावानं जमा होते ते नाव, नेमणूकपत्रावरचं नाव आणि स्लिपवरचं नाव जुळतंय का पाहा. नेमणूकपत्रच नसेल तर ते लेखी मागा, आता ते देणं मालकाला बंधनकारक आहे. अर्जात एजन्सी पहिला पक्ष आणि विमानतळ चालवणारी कंपनी, म्हणजे प्रिन्सिपल एम्प्लॉयर, दुसरा पक्ष करा. समेट अधिकाऱ्यानं, म्हणजे तंट्यात मध्यस्थी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यानं, दोघांनाही नोटीस काढावी अशी लेखी विनंती जोडा. ती कंपनी येईल आणि म्हणेल, 'ही आमची माणसं नाहीत.' म्हणू द्या. कंत्राटदारानं पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी कायद्यानं तिच्यावरच येते, आणि कॅन्टीन, विश्रांतीची खोली, स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी या सोयीही तिनंच द्यायच्या असतात. या मुद्द्यांवर तिला हात झटकता येत नाहीत, म्हणून बोलणीची सुरुवात तिथून करा.

मागणीपत्र लिहिताना मात्र एक गल्लत टाळा. कायद्यानं जे आधीच तुमचं आहे ते 'मागू' नका. जादा कामाला दुप्पट दर ही मागणी होत नाही, ती थकबाकी आहे. मागणीपत्रात घातलीत तर एजन्सी त्यावर घासाघीस करेल, दीडपटीवर तडजोड झाली म्हणून फोटो काढेल आणि बदल्यात तुमच्याकडून दुसरं काहीतरी सोडवून घेईल. थकबाकीसाठी वेतन संहितेखाली वेगळा दावा लावा. मुदत तीन वर्षांची आहे, दावा कामगार स्वतः, युनियन किंवा निरीक्षक लावू शकतो, आणि देय रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो.

हिशेब असा मांडा. केंद्राच्या 1 ऑक्टोबर 2024 च्या दरपत्रकात विनाशस्त्र पहारेकऱ्याला 'ए' क्षेत्रात, ज्यात मुंबई आणि पुणे येतात, रोज 954 रुपये किमान वेतन होतं. दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये त्यातला महागाई भत्ता बदलतो, म्हणून त्या त्या सहामाहीचा दर घ्या. तुमचं शहर 'बी' किंवा 'सी' क्षेत्रात असेल तर तिथला. 954 ला 8 नं भागलं की तासाला 119.25. चार तास साध्या दरानं 477, दुप्पट दरानं 954. फरक दिवसाला 477 रुपये. 26 ड्यूट्यांचा 12,402. 'इतर भत्ता' म्हणून दाखवलेली रक्कम दर महिन्याला तासांच्या प्रमाणात कशी हलते हे सहा महिन्यांच्या स्लिपा शेजारी ठेवून दाखवलंत की भत्त्याचं सोंग उघडं पडतं. तासांचा पुरावा म्हणून रोज आत-बाहेर गेल्याची वेळ घरी वहीत लिहा. हजेरी रजिस्टरचे फोटो प्रतिबंधित भागात काढू नका. पासच्या स्वाइपची नोंद विमानतळाकडे असतेच, ती मागवून घ्यायचा अर्ज सुनावणीत करता येतो.

मग बोलणीत काय मागायचं? जे कायद्यात नाही किंवा मोघम आहे ते. पॉइंटवर रिलिव्हर, म्हणजे थोड्या वेळासाठी जागा घेणारा बदली माणूस, कारण लघवीला जायला माणूस मिळत नाही ही सुरक्षा रक्षकांची सगळ्यात जुनी तक्रार आहे. रोस्टर किमान सात दिवस आधी. नाइटनंतर लगेच मॉर्निंग नाही. रात्रपाळीला ने-आण. पास काढायचा आणि नूतनीकरणाचा खर्च एजन्सीचा. रिफ्रेशर ट्रेनिंगचा दिवस ड्यूटी म्हणून धरणं. आणखी एक, जे बहुतेक मागणीपत्रांत सुटतं: 954 च्या दरानं 26 दिवसांचे 24,804 रुपये होतात आणि ईएसआयसी या सरकारी कामगार विमा योजनेची पगारमर्यादा 21,000 आहे. म्हणजे पूर्ण किमान वेतन मिळू लागलं की तुमच्यातले बरेच जण ईएसआयसीच्या दवाखान्याबाहेर पडतात. पगारवाढीच्याच पानावर कुटुंबासह गट आरोग्य विमा मागितला नाही, तर वाढलेला पगार एका ऑपरेशनमध्ये जाईल.

12 तासांच्या ड्यूटीवर तुमच्यातच भांडण होणार आहे, ते बोलणीच्या आधी मिटवा. काहींना 8 तास हवेत, काहींचा घरखर्च ओटीवर, म्हणजे जादा तासांच्या पैशांवर, चालतो. आज 12 तासांचे 1,431 रुपये मिळत असतील आणि उद्या 8 तास झाले तर हातात 954 येतील. एजन्सीला हे पक्कं ठाऊक आहे, आणि 'युनियननं तुमची ओटी घालवली' हे वाक्य तिच्याकडे तयार असतं. आमच्या मते क्रम असा असावा: आधी दुप्पट दर अमलात आणायचा. तो आला की 12 तास चालवणं एजन्सीला महाग पडतं आणि 8 तासांची मागणी तिच्या बाजूनंच पुढे येते. तेव्हा भत्त्यांमधून पगाराची पातळी सावरून घ्यायची. गणित सोपं आहे. चोवीस तास चालणाऱ्या एका पॉइंटला आठवड्यात 8 तासांच्या 21 शिफ्टा लागतात. एक माणूस सहा करतो, म्हणजे साडेतीन माणसं, आणि रजा धरल्या की चार. एजन्सी अडीच माणसांत भागवत असेल तर उरलेल्यांचा पगार तुमच्या पाठीवर चालला आहे.

पण हा सगळा पैसा शेवटी येतो कुठून? विमानतळ कंपनीनं एजन्सीला दिलेल्या दरातून. तो दर टेंडरमध्ये एकदा ठरला की दोन-तीन वर्षं गोठतो, आणि त्या काळात एजन्सी 'आम्हालाच मिळत नाही, देणार कुठून' म्हणते तेव्हा ती नेहमी खोटं बोलत असते असंही नाही. म्हणून तुमच्या पाच महिन्यांतले पहिले दोनच खरे कामाचे आहेत. टेंडरचा मसुदा कंत्राट संपायच्या बराच आधी तयार होतो. तो बाहेर पडण्यापूर्वी मागणीपत्राची प्रत विमानतळ कंपनीच्या एचआर, सुरक्षा आणि खरेदी विभागाला पोच घेऊन द्या. त्यात तीन गोष्टी टेंडरच्या अटी म्हणून मागा: कंत्राटाचा दर 8 तासांच्या शिफ्टवर आणि रिलिव्हर धरून काढावा; एप्रिल-ऑक्टोबरची महागाई भत्त्याची वाढ त्या दराला आपोआप लागू व्हावी; आणि नव्या एजन्सीनं कामावर असलेल्या रक्षकांना त्याच पगारावर, जुनी सेवा धरून घ्यावं. तिसरी अट सगळ्यात मोलाची. एजन्सी बदलताना सगळ्यांना 'नवीन' करून ग्रॅच्युइटीची वर्षं पुसायची आणि युनियनच्या कमिटीतल्यांनाच नेमकं वगळायचं, हा प्रकार नवा नाही. जुन्या एजन्सीचा शेवटचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत मिळाला पाहिजे. तो घेताना कोऱ्या कागदावर किंवा 'स्वखुशीनं राजीनामा' अशा छापील फॉर्मवर सही करू नका.

करार करायचा झाला तर समेट अधिकाऱ्यासमोर करा. खासगीत झालेला करार फक्त सही करणाऱ्या पक्षांना बांधतो. समेटातला करार सभासद नसलेल्यांना आणि पुढे येणाऱ्या कामगारांनाही लागू होतो. नवी एजन्सी मात्र जुनीची वारसदार ठरेलच असं नाही, म्हणून टेंडरच्या अटीला पर्याय नाही.

कायम होण्याबद्दल विचारलंत. 1996 मध्ये एअर इंडियाच्याच कंत्राटी कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं, कंत्राट पद्धत रद्द झाली की कामगार आपोआप मूळ मालकाचे, असं म्हटलं होतं. 2001 मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात घटनापीठानं ते फिरवलं. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत पहारा आणि सुरक्षा ही कामं 'गाभ्याबाहेरची' म्हणून स्पष्ट लिहिली आहेत, तेव्हा कंत्राट पद्धतच बंद करा ही मागणी तुमच्यासाठी फार कमजोर आहे. कंत्राट नुसतं दिखाऊ आहे, हुकूम, रजा, शिक्षा सगळं विमानतळ कंपनीच ठरवते, असा पुरावा असेल तर न्यायाधिकरणात लढता येतं, पण ती वर्षानुवर्षांची लढाई आहे. मागणीपत्रात ती पहिल्या नंबरावर टाकलीत तर बाकीच्यावर बोलणंच होणार नाही.

आता सिक मारण्याबद्दल. मारू नका. 50 टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच वेळी घेतलेली किरकोळ रजा संहितेच्या व्याख्येत संपच आहे. तुमच्यात 90 जण झाले की झालं. संपाला मालकाला लेखी नोटीस लागते आणि ती दिल्यापासून 14 दिवस संप करता येत नाही. नोटिशीशिवायचा संप बेकायदा: कामगाराला 1,000 ते 10,000 रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही, चिथावणी देणाऱ्याला दंड 10,000 ते 50,000. नव्वदपेक्षा कमी जण असले म्हणजे सुटलो असंही नाही. दहा किंवा जास्त जण ठरवून विनानोटीस गैरहजर राहिले आणि नोकरीच्या अटींत नोटीसची तरतूद असेल, तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. वर विमानतळ चालवण्याशी निगडित सेवा 1968 च्या अत्यावश्यक सेवा कायद्यात येतात, सरकार आदेश काढून संपावर बंदी घालू शकतं.

संपाची नोटीस मात्र कामाची चीज आहे. नोटीस मिळाल्यावर समेट अधिकाऱ्यानं पहिली बैठक घेतली की समेटाचं कामकाज सुरू झालं असं धरतात. ते चालू असताना आणि संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही. हे ऐकून निराश होऊ नका, कारण एरवी 45 दिवसांची असलेली समेटाची मुदत संपाच्या नोटिशीमुळे 14 दिवसांवर येते. जी एजन्सी तुमच्या पत्रांना उत्तर देत नव्हती, ती पंधरवड्यात अधिकाऱ्यासमोर बसते. तोडगा निघाला नाही तर अहवाल मिळाल्यापासून 90 दिवसांत थेट न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, सरकारच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. शिवाय कामकाज चालू असताना तंट्याशी संबंधित सेवाशर्ती मालकाला तुमच्या विरुद्ध बदलता येत नाहीत. कमिटीतल्या लोकांची 'संरक्षित कामगार' म्हणून, म्हणजे तंटा चालू असताना परवानगीशिवाय ज्यांना काढता येत नाही अशांची, यादी वेळेत द्या. प्रमाण 1 टक्का असलं तरी किमान पाच जण मिळतात. युनियनमध्ये गेलास तर काढू अशी धमकी ही अनुचित प्रथा आहे आणि तिला 10,000 ते 2 लाख रुपये दंड आहे, पण धमकी कुणी, कधी, कुणासमोर दिली हे त्याच दिवशी लिहून ठेवलेलं असलं तरच.

धमकी बहुधा तोंडानं येणारही नाही, पासमधून येईल. प्रवेश पास एजन्सीच्या अर्जावर मिळतो, आणि तो काढून घेतला की नोकरी असूनही गेटच्या आत जाता येत नाही. तसं झालं तर त्याच दिवशी एजन्सीला ईमेल करा: मी ड्यूटीला हजर आहे, पास अमुक वाजता अमुक व्यक्तीनं घेतला, कारण लेखी द्या. नाहीतर आठवड्यानं 'गैरहजर' म्हणून पत्र येतं. पास घ्यायला निमित्तही देऊ नका. सभा विमानतळाच्या आवाराबाहेर, ड्यूटीनंतर घ्या. मागणीपत्रात, पत्रकात किंवा पत्रकारांशी बोलताना कुठल्या गेटवर किती माणसं असतात, तपासणी कशी चालते याचा उल्लेख नको; 'रिलिव्हर अपुरे आहेत' एवढं पुरतं.

राहिला सुपरवायझर. खऱ्या अर्थानं देखरेखीचं काम करणारा आणि महिन्याला 18,000 रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारा माणूस संहितेतल्या 'कामगार' व्याख्येत बसत नाही, त्यामुळे 92 च्या मोजणीत त्याच्यावर भिस्त ठेवू नका. पण खांद्यावर फीत लावून तुमच्याबरोबर पॉइंटवरच उभे राहणारे जे 'हेड गार्ड' आहेत, ते कामानं कामगारच ठरू शकतात. त्यांचे फॉर्म जरूर भरून घ्या, आणि ते रोज काय काम करतात हे फॉर्मच्या मागे लिहून ठेवा.